उंटाचा दुसरा भाग

मी एका उंटाचं लग्न लावलं होतं. साताऱ्यात, आमच्या गल्लीच्या गणपतीत, मंगलाष्टकांसकट. अंतरपाट माझ्या जुन्या पिवळ्या साडीचा होता आणि नवऱ्या मुलाच्या मुंडावळ्या सारख्या घसरून डोळ्यांवर येत होत्या. माझ्या हातून मूर्खपणा आयुष्यात पुष्कळ झाला, पण इतक्या मेहनतीनं केलेला मूर्खपणा हा एकच. पंधरा दिवस मी त्याच्यासाठी खपत होते, आणि वर लोकांनी टाळ्या वाजवल्यावर स्टेजच्या कडेला उभी राहून पदर सावरत नमस्कारही करत होते.

त्या उंटाची ओळख आधी करून देते, म्हणजे मी काय मोडलं ते कळेल.

आमचे हे तेव्हा फौजेत होते. एका सुट्टीला येताना त्यांनी बरोबरच्या कुणाकडून जुना व्हीसीआर आणला आणि त्याबरोबर तीन कॅसेट. एक कुस्त्यांची. दुसरी चुकून आलेली, कुणातरी अनोळखी माणसांच्या लग्नाची. तीही आम्ही दोनदा पाहिली, कारण मशीन आम्हाला नवीन होतं. तिसरीच्या खोक्यावर उंटाचं पिल्लू काढलेलं आणि खाली कुठल्यातरी देशाची अक्षरं. ती कुणालाच वाचता येईनात. त्यामुळे त्या सिनेमाचं खरं नाव आमच्या घरात कधी कुणाला कळलं नाही. आम्ही म्हणायचो, उंटाची कॅसेट.

हातानं काढलेल्या चित्रांचा सिनेमा. त्यात कुणी एक शब्द बोलत नाही. मिठाच्या लाद्या पाठीवर घेतलेला उंटांचा तांडा वाळवंटातून चाललेला असतो. प्रत्येक उंटाच्या गळ्यात घंटा, प्रत्येकीचा आवाज वेगळा. एक पिल्लू आपल्या आईच्या घंटेमागे चालत असतं. मग वादळ येतं, आणि वादळ ओसरतं तेव्हा पिल्लू एकटं असतं. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे ते पिल्लू चालतं, एवढंच. एक कोरडी विहीर लागते. एक सरडा आपल्या सावलीतली थोडी जागा त्याला देतो. रात्री गारठा पडतो आणि सकाळी त्याच्या पापण्यांवर दव असतं. शेवटी ते वाळूच्या एका उंच टेकडीपाशी येतं, निम्मी चढतं आणि दमून खाली बसतं. आणि टेकडीच्या पलीकडून एक घंटा वाजते. एकदाच. पिल्लाचा कान हलतो. ते मान वर करतं. पडदा हळूहळू पांढरा होत जातो, आणि संपलं.

पहिल्यांदा तो सिनेमा लागला तेव्हा मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. आठ वर्षांच्या माझ्या लेकीला सांगायला बाहेर आले, की बाई, आवाज कमी कर. आवाज नव्हताच. नुसता वारा होता. मी लाटणं हातात धरून दारात उभी राहिले आणि तशीच राहिले. वाळू कणाकणानं सरकत होती. प्रत्येक चित्र किंचित थरथरत होतं, झोपलेल्या बाळाची छाती हलते तसं. एका ठिकाणी निळ्या आभाळात कोपऱ्याला बोटाचा डाग होता. कुणाचा तरी अंगठा ओल्या रंगाला लागलेला. तो पाहिला आणि माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे हे सगळं आभाळ कुणीतरी माणसानं हातानं काढलंय! एवढी वाळू कुणीतरी बसून काढलीय! आत तवा तापून तापून धुरानं स्वयंपाकघर भरलं. शेजारची बाई भिंतीपलीकडून ओरडली, "काय जळतंय गं?" मी "काही नाही" म्हणून तिथंच उभी.

संपल्यावर लेक म्हणाली, "घंटा कुणाची होती?"

मी म्हणाले, "आईची असेल."

"असेल," ती म्हणाली. पण तिला ते उत्तर म्हणून नको होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. तिला त्या प्रश्नाशी खेळायचं होतं. पुढचे कित्येक दिवस वेणी घालताना ती मला नवीन नवीन सांगायची. "आज ना, ती घंटा दुसऱ्याच पिल्लाची आहे. ते पण हरवलंय." दुसऱ्या दिवशी, "आज ती घंटा म्हाताऱ्या उंटाची आहे, तो कुणासाठी थांबत नाही." एकदा शाळेतून येऊन दप्तर टाकता टाकता, "आई, तिथं कुणीच नाहीये. घंटा वाळूत पडलीय आणि वाऱ्यानं वाजतेय." हे सांगताना तिचे डोळे एवढे मोठे झाले होते. ती घाबरली नव्हती, दुःखीही नव्हती. एवढ्याशा जिवाला इतकं मोठं वाळवंट पुरत होतं.

मला मात्र ते पुरेना. आता त्या वेळची मी कशी होते ते सांगते. वय एकतीस. बी.ए.ला मराठी घेतलेलं, ते लोकांनी विसरू नये म्हणून बोलताना मध्येच एखादा जड शब्द टाकणारी. गल्लीतल्या यच्चयावत बायकांचे उखाणे मी लिहून द्यायची. कुणाला नवऱ्याचं नाव यमकात बसवायचं असलं, की बाई माझ्या दारात. यमक जुळेना म्हणून एकीच्या नवऱ्याचं नाव थोडं बदलायला सांगितलं होतं मी. अशा बाईला वाटलं, की बाप सीमेवर, त्यात हा असला अर्धवट सिनेमा, पोरीच्या मनावर परिणाम होईल. तिला शेवट पाहिजे. गोड पाहिजे. आणि तो लिहायला माझ्याहून लायक कोण आहे?

गणपती जवळ आले होते. आमच्या मंडळाचा हलता देखावा पंचक्रोशीत नावाजलेला. सायकलच्या रिमा, दोऱ्या, कूलरची मोटर, त्यावर राक्षस मान हलवायचे आणि देवाचा हात वर-खाली व्हायचा. मंडळाचे अध्यक्ष सायकल दुरुस्त करायचे, त्यामुळे रिमांना तोटा नव्हता. त्या वर्षी त्यांना मुलांसाठी काहीतरी हवं होतं. मी लगेच पुढं झाले. म्हटलं, उंटाच्या सिनेमाचा दुसरा भाग करूया. गल्लीतली झाडून सगळी पोरं आमच्या घरी बसून ती कॅसेट बघून गेलेली होती.

अध्यक्ष म्हणाले, "करू की वहिनी. पर संदेश काय?"

"संदेश?"

"आवं, स्पर्धा हाय न्हवं? संदेश न्हाई तर नंबर न्हाई."

मी क्षणभरही थांबले नाही, यातच सगळं आलं. म्हणाले, "उंट मोठा होतो, त्याचं लग्न होतं. बिनहुंड्याचं."

"उंटाला हुंडा कोण देतंय वं?"

"कुणीच देत नाही. हाच संदेश."

अध्यक्षांनी हातातला पाना खाली ठेवला आणि माझ्याकडे भक्तिभावानं बघितलं. त्यांनी तेव्हा पाना माझ्या डोक्यात घातला असता तरी चाललं असतं.

तर देखावा असा होता. पिल्लू दोरीवरून सरकत टेकडी चढतं. घंटा वाजते, ती आमच्या देवघरातली. आणि माझा आवाज, टेप केलेला, दोन कर्ण्यांमधून: "बालमित्रांनो! तुम्हाला प्रश्न पडला असेल, ती घंटा कुणाची? तर ऐका! ती घंटा होती... त्याच्या आईची!" की लगेच टेकडीच्या मागचा दिवा लागायचा आणि हिरव्यागार झाडाखाली प्लायवूडची आई मान हलवायची. मग मायलेकरं चालत चालत साताऱ्याला येतात. का, ते विचारू नका. मागे थर्माकोलचा अजिंक्यतारा. उंट कंदी पेढे खातो. मग लग्न. व्होल्टेज कमी झालं की वधू इतकी सावकाश मान डोलवायची, की तिला हे स्थळ पसंत नाही असं वाटायचं.

आमचा दुसरा नंबर आला.

लेक पहिल्या रांगेत मांडी घालून बसली होती. हे त्या आठवड्यात सुट्टीवर आलेले, तिच्या मागे उभे. हे मूळचे कडेगावकडचे. इतकी वर्षं फौजेत काढूनही बोलणं गावचंच राहिलं. घरी येताना म्हणाले, "लय भारी केलंस. पर पोरगी गप का गं?"

मी म्हटलं, "भारावलीय."

तिची वेणी सोडत होते तेव्हा तिनं विचारलं, "आई, मग बाकीच्यांच्या घंटा?"

"बाकीच्यांच्या कुठल्या? आईचीच होती ती. ऐकलं नाहीस का?"

"बरं," ती म्हणाली.

त्यानंतर तिनं ती कॅसेट कधी लावली नाही. मला वाटलं, मोठी झाली, समाधान झालं तिचं. पुढं कॅसेटला बुरशी आली आणि एका दिवाळीच्या आवराआवरीत ती गेली. मी ते सगळं विसरून गेले, खरं सांगायचं तर. मोडणारा विसरतोच.

आता दुसऱ्या भागांविषयी माझं काही वैर नाही, हे आधीच सांगते. नातीबरोबर बसून मी इतके कार्टूनचे सिनेमे पाहिलेत की सोफ्यात माझा खळगा पडलाय. ज्या सिनेमात पळापळ असते, कुणीतरी कुणाच्या तरी मागे लागलेलं असतं आणि शेवटी सगळे एका टेबलाशी जेवायला बसतात, त्याचे दहा भाग काढा. मी दहाही बघेन आणि अकराव्याची चौकशी करेन. पाहुणे जेवून गेले, पुन्हा आले, पुन्हा पानं मांडली, त्यात बिघडलं काय? पण काही सिनेमे असे असतात, की ते संपताना तुमच्या हातात काहीतरी देऊन जातात आणि म्हणतात, आता हे तुमचं. कुणीतरी निघून गेलेलं असतं, दार उघडं असतं, किंवा घंटा वाजलेली असते. त्या सिनेमाचा दुसरा भाग आधीच निघालेला असतो. जितकी पोरं समोर बसली होती तितके निघालेले असतात. आणि रोज बदलतात. त्यांच्यावर कुणी मोठ्या माणसानं कर्ण्यातून सांगायचं, की थांबा, खरा हा, म्हणजे त्या सगळ्या पोरांच्या हातातलं काढून घेणंच झालं. हे शहाणपण मला साठी उलटल्यावर आलं, आणि तेही एका आठ वर्षांच्या मुलीकडून.

माझी नात, म्हणजे त्याच लेकीची मुलगी. लेक सांगलीत रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. हे हल्ली निम्मा महिना गावाकडे उसात असतात, मी साताऱ्यात. सुट्टी लागली की नात माझ्याकडे. या खेपेला आली ती उड्या मारतच. "आजी, उंटाचा सिनेमा येतोय! दुसरा भाग!" मी म्हटलं, कुठला उंट? तिनं फोन माझ्या नाकाशी धरला.

माझा उंट. तोच.

पस्तीस वर्षांनी कुणीतरी त्याचा दुसरा भाग काढला होता, नवीन माणसांनी, संगणकावर. जाहिरातीत पिल्लू मोठं झालेलं, केसन् केस चमकतोय, आणि ते बोलतं! विनोद करतं! सरडाही बोलतो, त्याला गाणं आहे. आणि शेवटी काळ्या पडद्यावर मोठा आवाज: टेकडीपलीकडे कोण होतं? उत्तर मिळणार!

"बालमित्रांनो," माझ्या तोंडून आपोआप निघालं.

"काय?" नातीनं विचारलं.

"काही नाही." मला त्या चमकत्या उंटाच्या डोक्यावर मुंडावळ्या दिसायला लागल्या होत्या.

नवा येणार म्हणून जुनाही कुणीतरी साफसूफ करून पुन्हा उपलब्ध केला होता. नातीचा नियम असा, की दुसऱ्याच्या आधी पहिला बघायचाच. तिनं तो टीव्हीवर लावला. दुपार होती. मी पडदे ओढले आणि बसले, आणि मला भीती वाटत होती. लहानपणीचं घर पुन्हा बघायला जातो तेव्हा ते केवढंसं निघतं, तसं होईल असं वाटत होतं. झालं उलटंच. वाळवंट पूर्वीपेक्षा मोठं झालं होतं. की मी म्हातारी झाले म्हणून मला जास्त दूरपर्यंत दिसत होतं, कोण जाणे. सरड्यानं अंग आक्रसून सावलीत जागा केली तेव्हा मी चष्मा काढून पुसला. तरुणपणी त्या सीनला मी खदखदा हसले होते. आभाळातला अंगठ्याचा डाग मी शोधत होते. तो त्यांनी पुसला नव्हता. कुणीतरी शहाणा माणूस तिथंही बसला असणार. मी मनात त्याला हात जोडले.

घंटा वाजली. कान हलला. पांढरं झालं.

नात माझ्याकडे वळली. "आजी, घंटा कुणाची होती?"

आता बघा. सहासष्ट वर्षांत मला एखाद्या प्रश्नाचं उत्तर माहीत नाही असं फार वेळा झालेलं नाही. माहीत नसलं तरी मी ते देते. रस्ता विचारणाऱ्याला मी आजवर कधी तसंच जाऊ दिलेलं नाही. उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं. मी समोरच्या बशीतला अख्खा पेढा तोंडात कोंबला आणि मान हलवली.

"म्हणजे?"

मी पेढा गिळला. "मला माहीत नाही."

"तुला सगळं माहीत असतं."

"हे नाही माहीत."

तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलं. मग ती मागे टेकली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकत होतं, वाळू सरकते तसं. मी टक लावून बघत होते. पस्तीस वर्षांपूर्वी हेच माझ्यासमोर झालं होतं आणि मी ते बघितलंच नव्हतं. मी तेव्हा यमकं जुळवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली. नात दात घासता घासता खिडकीत धावली, ऐकलं आणि म्हणाली, "ही नाही. ही फार घाईत आहे." संध्याकाळी कुल्फीवाला गेला. "ही पण नाही. ही पैसे मागते." कोपऱ्यावरच्या मारुतीच्या देवळात तिनं मला तीनदा नेलं, देवाला नमस्कार एकदा, घंटा अकरा वेळा. पुजारीबुवा म्हणाले, "भक्ती दिसते पोरीची." मी म्हटलं, "तपास चाललाय." एका सकाळी रस्त्यानं मेंढरं चालली होती, मागे राहिलेल्या एकीच्या गळ्यात लहानशी घंटा. नात फाटकाला धरून थिजली. कळप वळणाआड गेला, तरी ती तिथंच. मग म्हणाली, "ही थोडीशी."

"थोडीशी म्हणजे?"

"म्हणजे अर्धी हिची आहे. अर्धी अजून यायचीय."

मी घरात जाऊन उगीचच डाळ निवडायला बसले. हे कुठून येतं यांच्यात? आम्ही शिकवत तर नाही. आम्हाला येतच नाही.

आणि लेक तिला रविवारी सांगलीत तो दुसरा भाग दाखवणार होती, म्हणजे तो तिला सगळं सांगून टाकणार होता. मी लेकीला फोन लावला.

"तिकिटं काढलीस का गं त्या सिनेमाची?"

"काढली. सकाळचा शो. तुझंही काढलंय, त्यामुळे ओरडू नकोस."

"अगं, पण त्यात ती घंटा कुणाची ते सांगणार आहेत."

"मग?"

"मग काय मग? सांगायला नको."

पलीकडे ती हसायलाच लागली. "आई, हे तू बोलतेस? तू? कर्णे कुणी लावले होते गं? मला शाळेत दोन वर्षं 'उंटाची करवली' म्हणत होते."

हे मला माहीत नव्हतं. "चुकलंच माझं ते," मी म्हणाले. एवढी साधी तीन शब्दांची गोष्ट, पण ती म्हणायला मला पस्तीस वर्षं लागली, आणि तीही फोनवर.

"असू दे गं," ती म्हणाली. "आणि त्यात हे लोक नवीन काय सांगणार आहेत? आईचीच असते घंटा. पहिल्या भागातच आहे की. तो टेकडी चढून जातो आणि खाली ती उभी असते, त्या हिरव्या झाडाखाली. ते झाड मला अजून दिसतं."

मी उभी होते ती खाली बसले.

त्या सिनेमात हिरवं झाड नाही. अख्ख्या सिनेमात कुठंच नाही. ते झाड मी रंगवलं होतं, प्लायवूडवर, मंडळाच्या दाराचा ऑइलपेंट उरला होता त्यानं. माझी समजूत होती की मी तिच्या सिनेमाला शेपूट जोडलं. शेपूट नव्हतं ते. माझ्या झाडानं तिचं वाळवंटच खाल्लं होतं. ती टेकडी, ते निम्म्यावर दमून बसणं, ती एकदाच वाजलेली घंटा, हलणारा कान, काही राहिलं नव्हतं तिच्याकडे. म्हातारा उंट, हरवलेलं दुसरं पिल्लू, वाळूत पडून वाऱ्यानं वाजणारी घंटा, हे सगळं तिनं मला वेणी घालताना सांगितलं होतं. ते आता माझ्या एकटीच्या डोक्यात उरलं होतं, जिची त्याच्यावर काडीची मालकी नाही.

"शनिवारीच ये," मी म्हणाले. "आधी पहिला बघू."

"आई, मला माहितीये तो."

"नाही माहीत."

"अगं, शंभर वेळा पाहिलाय मी..."

"नाही माहीत म्हणते ना! मी मोडून ठेवलाय तो तुझा. ये."

पलीकडे लॅबमधल्या कसल्यातरी यंत्राची घरघर चालू होती. मग ती म्हणाली, "बघते सुट्टी मिळते का."

रविवारच्या तिकिटांचं काय झालं ते इथंच सांगते, मध्ये लुडबुड नको. ती लेकीच्या शेजारच्या जुळ्यांना आणि त्यांच्या आईला दिली. त्यांनी पहिला भाग पाहिलेला नव्हता. त्यांना सिनेमा फार आवडला, सरड्याचं गाणं आता जिन्यात रोज चालतं म्हणे. आवडू दे. नातीनं स्वतःच सांगितलं होतं, "मी नाही येत. माझं अजून ठरायचंय."

शनिवारी दुपारी लेक आली. भडंगाची पिशवी, लॅबची बॅग, कपाळावर आठी. "हं, दाखव तुझा सिनेमा," म्हणून सोफ्यावर बसली आणि फोन काढला. नात मध्ये, मी कडेला. नातीनं आधीच ताकीद दिली, "मी सांगेपर्यंत कुणी बोलायचं नाही. आजी, तू विशेषतः."

तांडा निघाला. लेक फोनवर काहीतरी टाइप करत होती. वादळ आलं, तिनं एकदा वर पाहिलं. पिल्लू एकटं उठून उभं राहिलं, अंग झाडलं, तेव्हा तिनं फोन पालथा करून बाजूला ठेवला. कोरडी विहीर. मग सरडा दिसला, अजून काही केलं नव्हतं त्यानं, नुसता दगडावर होता, आणि लेक आधीच हसली. म्हणजे ते कुठंतरी आत शिल्लक होतं! मी टीव्हीकडे बघणं सोडलं आणि तिच्याकडे बघायला लागले. बेचाळिशी उलटलेली बाई, डोळ्यांखाली दिवसभर सूक्ष्मदर्शकात बघून आलेली काळी वर्तुळं, आणि त्या चेहऱ्याच्या आतून हळूहळू एक दुसरा चेहरा वर येत होता, जो मी शेवटचा गल्लीच्या मांडवात, पहिल्या रांगेत पाहिला होता.

टेकडी आली. पिल्लू चढायला लागलं. निम्म्यावर बसलं. लेकीच्या कपाळावर आठी पडली. ती झाडाची वाट बघत होती, मला कळत होतं. ती थोडी पुढं झुकली. वारा. वाळू. झाड आलं नाही.

घंटा वाजली.

पिल्लाचा कान हलला, आणि माझ्या लेकीची मान, तिला न कळत, थोडीशी वर झाली. पडदा पांढरा होत गेला. नात हलली नाही. पंख्याचा तेवढा आवाज. त्या न वाचता येणाऱ्या लिपीतली नावं वर सरकू लागली. लेकीचा तळहात मांडीवर उघडा होता आणि ती त्या पांढऱ्याच्याही पलीकडे कुठंतरी बघत होती. तिनं कुणाची घंटा ऐकली ते मला माहीत नाही. मला विचारायचं होतं. मला तिला सांगायचं होतं, की एकदा तू मला काय म्हणाली होतीस, आठवतं का, ते म्हाताऱ्या उंटाचं, ते वाळूत पडलेल्या घंटेचं. सगळं ओठांवर आलं. मला रडूही येत होतं, म्हणून पडदा उघडायचं निमित्त करून मी उठले.

टीव्हीवरची नजर न काढता लेक म्हणाली, "आई, पडदा नको उघडूस. आणि दोन मिनिटं काही बोलू नकोस."